पत्र्याचा दाखला, भिंतीचा प्रश्न

२०२५ च्या ऑक्टोबरात, ऐन दिवाळीत, वाशीच्या सेक्टर १४ मधल्या एका इमारतीत दहाव्या मजल्यावर आग लागली, वरच्या मजल्यांपर्यंत गेली आणि चार जण दगावले. जेमतेम महिन्याभराने, २६ नोव्हेंबरला, हाँगकाँगमधल्या ताई पो इथे वांग फुक कोर्ट या वसाहतीतले सात टॉवर पेटले आणि दीडशेहून जास्त माणसं गेली. तेव्हापासून घोडबंदर रोड ते पाम बीच रोड, जिथे जावं तिथे एक वाद ऐकू येतो. इमारतीला बाहेरून लावलेलं एसीपी (ॲल्युमिनियमच्या पत्र्यांची तयार शीट) आणि काच ठेवायची की उतरवायची? एक गट म्हणतो, सगळं काढा आणि गुमान प्लास्टर-रंगावर या. दुसरा गट मोबाइल काढून दाखला समोर धरतो: शीट 'एफआर', म्हणजे सहज न पेटणारी आहे, लॅबने पास केलेली आहे, विषय संपला. वाशीची आग क्लॅडिंगमुळे, म्हणजे अशा बाहेरच्या आवरणामुळे, पसरली असं मी म्हणत नाही. माझी तक्रार वादाच्या पद्धतीबद्दल आहे. दोन्ही गट शीटबद्दल भांडतायत. आग लागते तेव्हा मात्र पेटते ती भिंत. शीट, तिच्यामागची पोकळी, पोकळीतला फोम किंवा रॉकवूल (दगडापासून केलेली लोकर), फ्रेम, सीलंट, खिडकीची चौकट, स्लॅबपाशी राहिलेली फट, या सगळ्यांची मिळून झालेली भिंत.

माझी भूमिका आधीच सांगतो. उंच इमारतीच्या बाहेरच्या आवरणासाठी दोनच रस्ते खुले असावेत. एक तर आवरणातलं सगळं साहित्य न जळणारं वापरा. मग कुणी तुमच्याकडे मोठ्या चाचणीचा अहवाल मागणार नाही. नाहीतर, जळू शकणारं काही वापरायचंच असेल, तर जशी भिंत बांधणार आहात तशीच्या तशी, पूर्ण उंचीच्या सांगाड्यावर उभारून, पेटवून दाखवा आणि जो निकाल येईल तो जाहीर करा. सुट्या मालाच्या दाखल्यावर भिंत मंजूर करण्याचा तिसरा रस्ता, जो आज सर्रास वापरला जातो, तो बंद व्हावा.

ही मागणी माझ्या डोक्यातून निघालेली नाही. स्कॉटलंडमधल्या अर्विन गावात जून १९९९ मध्ये गार्नॉक कोर्ट या इमारतीला आग लागली, बाहेरच्या आवरणावरून झपाट्याने वर चढली आणि एकाचा जीव गेला. त्यानंतर काही महिन्यांतच ब्रिटिश संसदेच्या एका समितीने जवळजवळ हेच सांगितलं होतं: क्लॅडिंगची व्यवस्था पूर्णपणे न जळणारी तरी असावी, किंवा पूर्ण आकाराच्या चाचणीत ती धोकादायक नसल्याचं सिद्ध तरी व्हावं. बरीच माणसं मरेपर्यंत थांबू नका, असंही समितीने बजावलं होतं. सरकारने पूर्ण आकाराच्या चाचणीचा मार्ग नियमांत आणला, पण साहित्याच्या वर्गवारीवर पास होण्याचा जुना दरवाजाही उघडाच ठेवला. अठरा वर्षांनी, १४ जून २०१७ ला, लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये ७२ माणसं गेली. चौथ्या मजल्यावरच्या एका स्वयंपाकघरात सुरू झालेली आग खिडकीबाहेर पडली आणि सुमारे वीस मिनिटांत २४ मजली इमारतीच्या माथ्याला पोचली.

शीटच्या दाखल्यात चूक काय, हे समजायला शीट उघडून पाहावी लागते. आपण जिला एसीपी म्हणतो ती साधारण ३ ते ४ मिलिमीटर जाडीची असते. दोन बाजूंना ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे, मध्ये गाभा. स्वस्त शीटमध्ये हा गाभा निव्वळ पॉलिथिलीनचा असतो. पॉलिथिलीन सव्वाशे अंशांच्या आसपास वितळतं, आणि जळताना किलोमागे जवळपास डिझेलइतकी उष्णता देतं. एफआर शीटमध्ये गाभ्यात खनिज भुकटी मिसळून प्लॅस्टिकचं प्रमाण कमी केलेलं असतं. त्याहून वरच्या प्रतीच्या शीटमध्ये गाभा जवळजवळ सगळा खनिजाचाच असतो. आता अशा शीटचा छोटा तुकडा घ्या आणि त्याच्या चकचकीत पृष्ठभागावर ज्वाला धरून ती किती पसरते ते मोजा. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर ज्वाला पसरणार कुठे? तुकडा पास होतो. प्रत्यक्ष भिंतीवर मात्र शीटला घड्या असतात, खाचा पाडलेल्या असतात, कडा उघड्या असतात आणि पाठीमागे पोकळी असते. पत्रा ६६० अंशांना वितळून गळून पडतो, त्याच्या कितीतरी आधी गाभा पाझरायला लागतो, आणि पोकळी धुराड्याचं काम करते. उघड्यावर हातभर असलेली ज्वाला बंद पोकळीत पाच ते दहा पट लांब होते, असं अग्निशास्त्राची पुस्तकं सांगतात.

म्हणून पूर्ण भिंतीची चाचणी. ब्रिटनची बीएस ८४१४ ही पद्धत घ्या. निदान आठ मीटर उंचीची भिंत, तिला काटकोनात जोडलेली दुसरी लहान भिंत, खाली खिडकीएवढी भट्टी आणि तिच्यात रचलेला लाकडांचा ढीग. ढीग पेटवायचा, त्यातून येणारी आग साधारण ३ मेगावॅटच्या घरात जाते, म्हणजे एखादी खोली पूर्ण पेटून खिडकीतून ज्वाला बाहेर पडाव्यात तशी. भट्टीच्या वर अडीच मीटरवर आणि पाच मीटरवर तापमान मोजायचं. वरच्या पातळीवर पहिल्या पंधरा मिनिटांत तापमान ६०० अंशांहून जास्त वाढून तीस सेकंद टिकलं, की भिंत नापास. अमेरिकेत एनएफपीए २८५ ही दोन मजली सांगाड्यावरची चाचणी याच विचाराने घेतात. दोन्हींत तपासली जाते ती जोडणी.

जोडणीने किती फरक पडतो? ग्रेनफेलनंतर ब्रिटिश सरकारने २०१७ च्या उन्हाळ्यात अशा सात चाचण्या घेतल्या. पॉलिथिलीन गाभ्याची शीट नापास झाली, आणि पाठीमागे न जळणारं रॉकवूल लावूनही नापास झाली. यात नवल नाही. नवल पुढे आहे. एफआर शीटच्या पाठीमागे पीआयआर नावाचा प्लॅस्टिकचा फोम लावला तेव्हा भिंत नापास झाली, आणि तशाच एफआर शीटच्या पाठीमागे रॉकवूल लावलं तेव्हा ती पास झाली. शीटची जात तीच, तिच्यावरचा शिक्का तोच. मग 'आमची शीट एफआर आहे' या वाक्यातून नेमकं काय कळलं? पाठीमागे काय आहे ते सांगितल्याशिवाय काहीच नाही. आणि 'सगळं एसीपी काढा' म्हणणाऱ्यांनीही या निकालाकडे पाहावं. खनिज गाभ्याची शीट त्याच सातांमध्ये दोन्ही वेळा पास झाली होती. तिला आणि पॉलिथिलीनच्या शीटला एकाच नावाने ओरडून काही साधत नाही. बाहेरून तर दोन्ही सारख्याच दिसतात.

मुंबई परिसरात राहणाऱ्यांना हा धडा नवा वाटू नये. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकीन हे जहाज उभं होतं. त्यात सुमारे चौदाशे टन दारूगोळा होता, आणि कराचीहून भरलेल्या कापसाच्या गासड्याही होत्या. युद्धाच्या त्या काळात दारूगोळा बंदरात रोजचाच होता आणि कापूस तर मुंबईचा पोटापाण्याचा धंदा. दोन्ही एका जहाजात एकत्र आले, कापसाने पेट घेतला आणि अर्धी गोदी उडाली. शेकडो माणसं मेली; त्यांत आग विझवायला गेलेले साठाहून अधिक जवान होते. त्यांच्या स्मरणार्थ आजही १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. दरवर्षी त्या आठवड्यात ठाण्यात आणि नवी मुंबईत मॉक ड्रिल होतात, शाळांत भाषणं होतात, आणि सप्ताह संपला की आपण पुन्हा प्रत्येक माल सुटासुटा पास करायला लागतो.

आता विरुद्ध बाजू. तिच्यात दम आहे, हे आधी कबूल करतो.

पहिला मुद्दा असा की आपल्या इमारती वेगळ्या आहेत. हे बऱ्याच अंशी खरं आहे. ठाण्यातले नि नवी मुंबईतले बहुतेक निवासी टॉवर आरसीसीचे, ब्लॉकच्या भिंतींचे, प्लास्टर-टेक्स्चरचे आहेत. थंडीपासून बचावासाठी युरोपात भिंतीला बाहेरून फोमची दुलई घालतात, तशी गरज आपल्याकडे नाही. सिडकोने बांधलेल्या जुन्या इमारतींवर तर लपवायला फक्त शेवाळं असतं. पण चित्र बदलतंय, आणि बदलतंय ते नेमकं धोक्याच्या जागी. महापे-ऐरोलीची आयटी पार्क, वागळे इस्टेटमधली कारखान्यांच्या जागी आलेली ऑफिसं, मॉल, हॉटेलं, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे मधल्या आकाराची खासगी रुग्णालयं आणि क्लासेस. जुन्या व्यापारी इमारतीचे दोन मजले भाड्याने घ्यायचे, खिडक्यांवरून एसीपी मारायचं, वर अक्षरं चमकवायची, आत एसी. निवासी टॉवरमध्येही पोडियमच्या पार्किंगला शीटचे पडदे येतात, एलिव्हेशनसाठी खोटे खांब येतात, एसीच्या डक्टवर झाकण म्हणून पॅनेल येतात. पावसाळ्यात डेड वॉल, म्हणजे बिनखिडक्यांची बाजूची भिंत, गळते म्हणून तिच्यावर फ्रेम मारून शीट ठोकणाऱ्या सोसायट्या मी स्वतः पाहिल्या आहेत, आणि त्या फ्रेममागची पोकळी तळापासून गच्चीपर्यंत सलग होती. पुनर्विकासात वाशी-नेरुळला चार मजल्यांच्या जागी चाळीस उभे राहतायत. आज प्लास्टर आहे म्हणून नियम नको, असं म्हणणं म्हणजे नियम करायची सगळ्यांत स्वस्त वेळ घालवणं. एकदा हजार इमारतींवर शीट चढली की मग काय होतं ते इंग्लंडने पाहिलं. तिथे आवरण बदलण्याचा खर्च कोणी करायचा यावर वर्षानुवर्षं भांडणं चालली, लोकांना घरं विकता येईनात, आणि शेवटी २०२२ मध्ये त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. आपल्याकडे तर अर्ध्याअधिक सोसायट्यांचं कन्व्हेयन्सच, म्हणजे मालकीचं हस्तांतरणच, झालेलं नसतं. तिथे बिलाचं पाकीट कुणाच्या दारात पडेल याचा अंदाज कुणीही करावा.

दुसरा मुद्दा जास्त गंभीर आहे. आपल्याकडची माणसं क्लॅडिंगने मरत नाहीत. ती जिन्यात कोंडलेल्या धुराने मरतात, कुलूप लावलेल्या दारांमुळे मरतात, न बदललेल्या वायरिंगमुळे मरतात. मुंबईतल्या कमला मिलच्या आगीत डिसेंबर २०१७ मध्ये १४ जण गेले, ते कुठल्या फसाडमुळे, दर्शनी आवरणामुळे, गेले नाहीत. मग पालिकेच्या अग्निशमन विभागाची तोकडी माणसं आणि सोसायट्यांचा तोकडा पैसा आधी कुठे लागावा? जिन्यावरचे चपलांचे रॅक हटवण्यात की भिंती पेटवून बघण्यात? या प्रश्नाला 'दोन्ही करा' हे उत्तर पुरेसं नाही, हे मला मान्य आहे. प्राधान्य ठरवावं लागतं. पण हा हिशेब मांडताना एक गोष्ट सुटते. आपली बाकीची सगळी अग्निसुरक्षा एका गृहीतकावर उभी आहे: आग एका घरात, फार तर एका मजल्यावर, काही काळ अडकून राहील. जिना त्यासाठी बंदिस्त. दरवाजे त्यासाठी अग्निरोधक. पंपाची क्षमता, टाकीतलं पाणी, सगळं त्याच हिशेबाने. आग बाहेरच्या भिंतीने चढली, तर ती एकाच वेळी दहा मजल्यांवर खिडक्यांतून आत येते आणि हे गृहीतक कोसळतं.

त्यात आपली एक खास गोष्ट आहे, जिचा उल्लेख मी या वादात अजून ऐकलेला नाही: रेफ्यूज एरिया. उंच इमारतीत ठरावीक मजल्यांवर ती मोकळी जागा ठेवावी लागते. आगीच्या वेळी म्हातारी माणसं, आजारी माणसं, ज्यांना वीस मजले उतरणं शक्य नाही, त्यांनी तिथे थांबायचं. ती इमारतीच्या कडेला, बाहेरच्या बाजूने उघडी असते. असावीच लागते, कारण तिथे मोकळी हवा हवी आणि अग्निशमन दलाची शिडी पोचायला हवी. कल्पना चांगली आहे. बाहेरची भिंत जळत नाही तोवर. खालच्या मजल्यांवरची शीट पेटली तर वर चढणारी ज्वाला आणि गळणारं प्लॅस्टिक यांच्या बरोबर वाटेत आपण माणसांना उभं करतो. घरातच थांबा, या ग्रेनफेलमधल्या सूचनेवर जगभर टीका झाली. 'रेफ्यूज एरियात जमा व्हा' या आपल्या सूचनेमागेही तेच गृहीतक आहे.

इथे एक प्रामाणिक नोंद करायला हवी. मेलबर्नच्या लॅक्रॉस टॉवरला नोव्हेंबर २०१४ मध्ये बाल्कनीत टाकलेल्या सिगारेटवरून आग लागली. पॉलिथिलीनच्या शीटवरून ती सुमारे अकरा मिनिटांत आठव्या मजल्यावरून एकविसाव्यावर गेली आणि तरीही एकही माणूस मेला नाही. आतले स्प्रिंकलर अपेक्षेपेक्षा कितीतरी चांगले चालले. म्हणजे आतली व्यवस्था धड असेल तर ती बाहेरचीही चूक झाकते. आता आपल्या इमारतीतल्या स्प्रिंकलरमध्ये या क्षणी पाणी आहे का, हे वाचकाने स्वतःलाच विचारावं. आणि अकरा मिनिटं म्हणजे किती, तेही. संध्याकाळी सात वाजता मानपाड्याहून माजिवड्याला जाऊन बघा.

तिसरा मुद्दा खर्चाचा आणि सोयींचा. अशा चाचण्या घेणाऱ्या जागा मोजक्या, एकेका चाचणीला सांगाडा, माल, मजुरी, आठवड्यांची वाट. प्रत्येक बिल्डरने प्रत्येक इमारतीसाठी भिंत पेटवायची म्हटलं तर घरं आणखी महाग होतील. खरं आहे. पण प्रत्येक इमारतीसाठी चाचणी कोण मागतंय? चाचणी भिंतीच्या एका रचनेची होते. शीट बनवणारा, फ्रेम बनवणारा आणि फसाडचा कंत्राटदार मिळून चार-पाच रचना तपासून घेऊ शकतात. पुढे त्याच रचनेत शंभर इमारती उभ्या राहोत. आणि ज्याला तेही नको, त्याला पहिला रस्ता मोकळाच आहे: न जळणारं साहित्य, चाचणीचा खर्च शून्य. इंग्लंडने डिसेंबर २०१८ पासून १८ मीटरपेक्षा उंच निवासी इमारतींच्या बाहेरच्या भिंतीत जळणाऱ्या साहित्यावर बंदीच आणली. घरं आणि रुग्णालयं यांच्यासाठी आपणही तेच करावं, असं माझं मत आहे. तिथे चाचणीची पळवाटसुद्धा नको. चाचणीची सोय ऑफिसं आणि मॉलपुरती ठेवावी.

खर्चाच्या मुद्द्यामागे एक मोह दडलेला असतो, त्याच्यापासून मात्र सावध राहायला हवं. प्रयोगशाळेत जायला वेळ नाही, मग तज्ज्ञाकडून अभिप्राय घ्या: 'अमुक रचना तपासली गेली आहे, आपली रचना तिच्यासारखीच आहे, सबब चालेल.' इंग्लंडमध्ये असे टेबलावर बसून दिलेले अभिप्राय वर्षानुवर्षं चालले, आणि साम्य ठरवणाऱ्याची फी साम्य हव्या असलेल्या माणसाकडून येत होती. आपल्याकडे 'स्ट्रक्चरल स्टेबिलिटी' चा कागद कसा मिळतो हे ज्याने एकदा पाहिलंय, त्याला या वाटेवर पुढे काय आहे ते सांगायला नको.

चौथा आक्षेप मला सगळ्यांत अडचणीचा वाटतो: चाचणीच फसवी असेल तर? ग्रेनफेलच्या चौकशी आयोगाचा अंतिम अहवाल सप्टेंबर २०२४ मध्ये आला. आयोगाचे अध्यक्ष, निवृत्त न्यायमूर्ती मार्टिन मूर-बिक यांनी त्यात मालाच्या उत्पादकांच्या पद्धतशीर अप्रामाणिकपणावर बोट ठेवलं. सेलोटेक्स कंपनीने २०१४ मध्ये आपल्या फोमची पूर्ण आकाराची चाचणी घेताना सांगाड्यावर, तापमान मोजणाऱ्या तारांच्या जागी, मॅग्नेशियम ऑक्साइडचे न जळणारे जास्तीचे बोर्ड बसवले होते. जाहिरातीत ते बोर्ड गायब. किंगस्पॅन या दुसऱ्या फोम कंपनीने २००५ च्या चाचणीच्या जोरावर आपला फोम विकला. नंतर माल बदलला, चाचणीचा आधार तोच ठेवला. ग्रेनफेलची शीट बनवणाऱ्या आर्कोनिककडे २००४ पासूनच एक निकाल होता: पॉलिथिलीनची शीट घडी घालून कॅसेटसारखी बसवली की ती रिव्हेट मारून बसवलेल्या शीटपेक्षा फारच वाईट जळते. तो निकाल बाजारापर्यंत पोचला नाही. आणि सरकारच्या पैशाने २००१ मध्ये झालेल्या एका चाचणीत पॉलिथिलीनच्या शीटने अवघ्या पाच मिनिटांत वीस मीटर उंच ज्वाला दिल्या, चाचणी बंद करावी लागली. तो अहवालही ग्रेनफेलच्या आगीपर्यंत प्रसिद्ध झाला नाही. शिवाय या चाचणीच्या भिंतीला खिडक्या नसतात, आणि ती उभारणारे कारागीर निवडक असतात. आपल्या साइटवर संध्याकाळी दिवा धरून पॅनेल बसवणाऱ्या पोराशी त्यांची तुलना नको.

मग चाचणीचा आग्रह कशाला? कारण वरच्या लबाड्या उघड्या पडायला चाचणीच्या नोंदींचा मोठा हात होता. भिंत कशी उभी केली, कोणत्या मिनिटाला काय जळलं, हे लिहिलेलं होतं म्हणून वकिलांना ते बाहेर काढता आलं. लहानशा तुकड्याच्या दाखल्यात लबाडी करायलाही जागा नसते, कारण त्यात सांगण्यासारखंच काही नसतं. या इतिहासातून निघतं ते एवढंच की चाचणीला दोन अटी जोडाव्या लागतील. निकाल, त्यातही नापास झालेले निकाल, सार्वजनिक असले पाहिजेत. सात वेळा नापास होऊन आठव्यांदा पास झालेली रचना घेणाऱ्याला आधीचे सात निकाल दिसले पाहिजेत. आणि ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) देण्याआधी कुणीतरी प्रत्यक्ष भिंतीवरचं एखादं पॅनेल उतरवून, चाचणीच्या नकाशाशी ताडून, गाभ्याचा तुकडा तपासायला पाठवला पाहिजे. दुसरी अट पहिलीहून महत्त्वाची, आणि आपल्याकडे ती कोणी पाळेल का याबद्दल मला शंका आहे. तरीही ती कायद्यात लिहिलेली असणं आणि नसणं यात फरक असतो. निदान खटल्यात तरी पडतो.

लॅक्रॉसचा खटला त्यासाठीच आठवण्यासारखा आहे. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याच्या न्यायाधिकरणाने बिल्डरला भरपाई द्यायला लावली आणि तिचा भार सल्लागारांवर वाटून दिला: फायर इंजिनिअर ३९ टक्के, बांधकाम मंजूर करणारा सर्व्हेअर ३३ टक्के, आर्किटेक्ट २५ टक्के. सिगारेट टाकणाऱ्याच्या वाट्याला आले ३ टक्के. आपल्याकडे आग लागली की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत 'शॉर्ट सर्किटमुळे' किंवा 'दिव्यामुळे' असं छापून येतं आणि प्रकरण तिथे थांबतं. ठिणगी कुणाची, एवढंच आपण विचारतो. ती ठिणगी पंधरा मजले चढली कशी, याचे ९७ टक्के कुणाच्या नावावर लावायचे?

नियमांचं म्हणाल तर आपण अगदी कोरे नाही. २०१४ च्या जुलैत अंधेरीच्या लोटस बिझनेस पार्कच्या आगीत काचेच्या बंद दर्शनी भागामुळे जवानांना आत शिरणं कठीण गेलं, एका जवानाचा जीव गेला, आणि काचेच्या इमारतींबद्दल पहिल्यांदा गंभीर बोलणं झालं. राष्ट्रीय बांधकाम संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीत काचेचा दर्शनी भाग आणि स्लॅब यांच्यातली फट अग्निरोधक मालाने बंद करायला सांगितलं आहे, बाहेरून उघडता येतील अशी तावदानंही मागितली आहेत. महाराष्ट्राचा २००६ चा अग्निप्रतिबंधक कायदा तर वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीकडून फॉर्म बी, म्हणजे अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचा दाखला, घ्यायला लावतो. पण हे सगळं काचेबद्दल, पंपाबद्दल, पाइपांबद्दल आहे. मी आजवर सोसायट्यांच्या ज्या फाइली चाळल्या, त्यांत पूर्ण भिंतीच्या चाचणीचा कागद एकदाही दिसला नाही. शीटचे दाखले भरपूर होते. एकात तर शीटची जाडी प्रत्यक्ष लावलेल्या शीटशी जुळत नव्हती, आणि त्याबद्दल कुणाला काही वाटलंही नव्हतं.

हाँगकाँगकडे परत वळतो, कारण तिथे भिंतीवर कायमचं क्लॅडिंग नव्हतंच. इमारतींची दुरुस्ती चालली होती. बांबूची परांची, तिच्यावरून सोडलेली जाळी, आणि धूळ-दगडांपासून काचा वाचाव्यात म्हणून खिडक्यांवर लावलेले थर्माकोलसारखे फोमचे बोर्ड. दुरुस्तीचं काम असल्याने इमारतीने काही महिने पेटणारं कातडं पांघरलं होतं, आणि तेवढे महिने पुरले. इथे ठाण्यात पाऊस थांबला की हिरव्या जाळ्या चढायला लागतात. मेजर रिपेअरच्या निविदेत वॉटरप्रूफिंगची वॉरंटी असते, रंगाची शेड असते, पेमेंटचे टप्पे असतात. जाळी कशाची, ती पेटते का, खिडक्यांवर काय लावणार, हा रकाना कुठे असतो? कायमच्या भिंतीला जो प्रश्न, तोच या तात्पुरत्या भिंतीला विचारायचा. इथे तर प्रयोगशाळेचंही निमित्त नाही: जाळी अग्निरोधक घ्यायची, फोम अजिबात नको, आणि कंत्राटात तसं लिहायचं. फरकाची रक्कम एकूण कामाच्या मानाने किरकोळ असते.

उभ्या असलेल्या इमारतींचा प्रश्न उरतो, आणि तो सोपा नाही. सगळ्या शीट एका वर्षात उतरवा म्हणणारे आणि काहीच करू नका म्हणणारे, दोघंही एकाच कारणाने चुकतात: कुठे काय लावलंय हेच कुणाला ठाऊक नाही. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने आधी इमारती तपासून त्यांची धोक्यानुसार प्रतवारी लावली आणि मग ६० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर बाजूला काढून सर्वांत धोक्याच्या इमारतींपासून काम सुरू केलं. आपल्याकडे तेवढा पैसा निघणार नाही, पण यादी करायला पैसा फारसा लागत नाही. फॉर्म बी दर सहा महिन्यांनी भरायचाच असतो. त्याला एक पान जोडा: बाहेरच्या भिंतीवर काय आहे, पाठीमागे काय आहे, कोणत्या वर्षी कोणी लावलं, पूर्ण रचनेच्या चाचणीचा अहवाल आहे का. पहिल्या खेपेला बहुतेक ठिकाणी 'माहिती उपलब्ध नाही' असंच लिहिलं जाईल. लिहू द्यावं. तेवढ्यावरूनही ठाणे आणि नवी मुंबई महापालिकेच्या अग्निशमन विभागांना कळेल की ज्या रुग्णालयांच्या आणि क्लासेसच्या पानावर हे उत्तर आलंय, तिथून एकेक पॅनेल उतरवायला सुरुवात करायची आहे.